सुपरमार्केटात मुलं हवीतच

लहान मुलांना सुपरमार्केटात न्यावं की नाही, यावर सध्या ठाण्यात, निदान घोडबंदर रोडच्या आमच्या पट्ट्यात, हिरिरीने बोललं जातं. शाळेच्या बसची वाट बघताना, संध्याकाळी सोसायटीच्या कट्ट्यावर, अगदी बिलाच्या रांगेत उभं असतानासुद्धा. एका बाजूचं म्हणणं, मुलांना घरीच ठेवा. ती ट्रॉल्या पळवतात, पाकिटं फोडतात, चॉकलेटसाठी फरशीवर लोळण घेतात आणि सगळ्या रांगेला वेठीला धरतात. दुसरी बाजू म्हणते, मुलंच ती, थोडा आरडाओरडा चालायचाच. ज्यांना त्रास होतो त्यांनी खुशाल सामान घरी मागवावं. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात ते एकाच गोष्टीबद्दल, मुलाच्या वागण्याबद्दल. मूल शहाणं की वाह्यात, आईबाप कडक की लाडावणारे. मला हा वाद मुळातच भलत्या जागी अडकलेला वाटतो. घरात काय येतं, किती येतं, कितीला येतं आणि काय येत नाही, हे ठरत असताना मूल तिथे असावं की नसावं, हा खरा प्रश्न आहे. माझं उत्तर आहे, असावंच. तीन-चार वर्षांपुढच्या मुलाला महिन्याचं सामान भरायला बरोबर न्यायलाच हवं, आणि ते ट्रॉलीत बसवून नाही, हाताला काम देऊन.

फरशीवर लोळणाऱ्या मुलाकडे बघून आपण त्याच्या आईला नावं ठेवतो, तेव्हा ते दुकान तसं का मांडलं आहे हे विसरतो. १९१६ साली अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं आणि गिऱ्हाइकाला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने फळीवरचा माल उचलायला दिला. तोवर तिथेही आपल्या वाण्याच्या दुकानासारखीच पद्धत होती: गिऱ्हाईक काउंटरच्या अलीकडे, माल पलीकडे, यादी वाचायची आणि दुकानदाराने पुड्या बांधून द्यायच्या. १९३७ साली ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की माणूस खरेदी थांबवतो हे त्यांनी हेरलं होतं. पुढे त्याच ट्रॉलीत मूल बसवायची जागा आली. आई थांबू नये, मूल बसून राहावं, ट्रॉली भरत जावी. आपल्याकडे ही पद्धत रुळली ती फार उशिरा. राधाकिशन दमाणी यांनी पवईत डीमार्टचं पहिलं दुकान काढलं ते २००२ साली, आणि आज ठाण्यात वा नव्या मुंबईत मध्यमवर्गीय घराचा किराणा बहुतेक अशाच कुठल्या ना कुठल्या दुकानातून येतो. माल हाताला लागेल असा मांडला की तो मुलाच्याही हाताला लागतो. खालच्या फळीवर, तीन फुटांच्या उंचीवर, चित्रांची खोकी कुणासाठी लावलेली असतात? दुकानाने मुलाला केव्हाच गिऱ्हाईक मानलं आहे. तिथे मूल घरचं माणूस म्हणून उभं राहणार की नुसतं गिऱ्हाईक म्हणून, एवढंच ठरवायचं आपल्या हातात उरलं आहे.

यावर कुणी म्हणेल, जुन्या काळी बरं होतं. तसं मी म्हणणार नाही. वाण्याच्या दुकानातही लिमलेटच्या गोळ्यांची बरणी दर्शनीच असे, आणि मापात पाप करणारे दुकानदार आपल्या आजीपणजींनी भरपूर पाहिले होते. पण त्या काळात मुलं घराच्या खरेदीतून वगळलेली नव्हती, ही गोष्ट खरी. रेशनच्या रांगेत जागा धरून उभं राहायचं काम मुलांचं. पहाटे आरेच्या केंद्रावर बाटल्या घेऊन जायचं काम मुलांचं. १९७२ च्या दुष्काळानंतर महागाईने कळस गाठला आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा तेल-साखरेचा भाव हा स्वयंपाकघरातल्या पोराबाळांनाही माहीत असलेला विषय होता. १९७५ साली बिंदुमाधव जोशी, सुधीर फडके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई ग्राहक पंचायत उभी केली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची आणि आलेला माल आपसात वाटून घ्यायचा, अशी ती पद्धत. ज्यांच्या घरी हे वाटप होई त्या घरातल्या मुलांना विचारा. डाळ कुणाची, गूळ कुणाचा, कुणाच्या यादीत काय राहिलं, हे त्यांना तोंडपाठ असे. गरिबी, टंचाई आणि रांगा परत याव्यात असं कोण म्हणेल? पण टंचाई गेली तशी मुलाची घरातली ती जागाही गेली, आणि ती जावी असं कुणी ठरवलेलं नव्हतं.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा घेऊ. ते म्हणतात, दुकान मुलाला भुलवतं. मूल हट्ट करतं, आईबाप दमलेले असतात, शेवटी ट्रॉलीत चार पाकिटं जास्त पडतात आणि ती सगळी साखर, मीठ आणि तेलाची. मूल घरी राहिलं तर पैसेही वाचतात आणि पोटही. हे खरं आहे, आणि ज्याने मुलाला घेऊन महिन्याचं सामान भरलं आहे तो ते नाकारणार नाही. पण घरी ठेवलेलं मूल जाहिरातीपासून वाचतं का? घरी त्याच्यासमोर टीव्ही असतो, मोबाइल असतो, आणि त्यावरच्या जाहिरातीत त्याच पाकिटाचा फक्त रंग आणि गाणं असतं. किंमत नसते, वजन नसतं, मागच्या बाजूची बारीक अक्षरं नसतात आणि बहुतेक वेळा शेजारी आईबाबाही नसतात. पाकीट, त्याची किंमत, त्याच्या शेजारी ठेवलेलं दुसरं पाकीट आणि 'हे कशाला हवं?' असं विचारणारं मोठं माणूस, हे चारही एकत्र सापडतात ते दुकानातच. भुलवणाऱ्याच्या अड्ड्यावर आपण बरोबर असताना जावं, की मूल एकटं असताना त्याने घरात शिरावं? मला पहिला पर्याय जास्त सुरक्षित वाटतो.

हे कसं घडतं ते एकदा जवळून सांगते. माझी मुलगी दुसरीत आहे. भाजीच्या विभागात बटाटे पिशवीत भरून ते काट्यावर ठेवायचे आणि वजन-भावाची चिकटपट्टी लावून घ्यायची, हे तिचं काम. एका रविवारी तिला वेफर्सचं फुगलेलं पाकीट हवं होतं. मी हो-नाही काही म्हटलं नाही, ते पाकीटही काट्यावर ठेवायला सांगितलं. काटा पन्नास ग्रॅमच्या जरासा पुढे जाऊन थांबला. तिने पाकीट उचललं, पुन्हा ठेवलं, दाबून पाहिलं. एवढ्या मोठ्या पाकिटात एवढंच कसं, हे तिला पटेना. मग छापील वजन शोधलं, ५० ग्रॅम. किंमत २० रुपये. एक किलोत अशी पाकिटं किती, हे आम्ही बोटांवर मोजलं: वीस. वीस पाकिटांचे ४०० रुपये. बटाट्यांवर लागलेल्या चिकटपट्टीवर किलोचा भाव होता ३२. तिने पाकीट घेतलं नाही असं मुळीच झालं नाही, घेतलंच; पण त्यानंतर ती प्रत्येक फुगलेलं पाकीट हातात धरून वजन बघते आणि कधी कधी आपण होऊन परत ठेवते. हा हिशेब घरी वहीत घातला असता तर ते आणखी एक शाब्दिक उदाहरण झालं असतं.

वहीतलं गणित आणि बाजारातलं गणित यांची फारकत किती मोठी आहे, हे आपल्याच देशातून अलीकडे पुढे आलं आहे. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला. तो २०२५ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आला. ही मुलं दोन-तीन जिनसांचा व्यवहार, सुटे पैसे, परतफेड हे सगळं तोंडी आणि बिनचूक करतात, पण तेच गणित पुस्तकी स्वरूपात मांडलं की अडखळतात. शाळेत जाणारी, बाजारात काम न करणारी मुलं याच्या बरोबर उलट: वहीत बरोबर, व्यवहारात गोंधळलेली. बाजारातली मुलं तिथे नाइलाजाने राबतात, त्यांच्या दैन्याचा कौतुकसोहळा करायचं काही कारण नाही. पण आपल्या मुलांबद्दल हा अभ्यास काय सांगतो? महिन्याला हजारो रुपये फी भरून आपण जे शिकवतो ते दुकानाच्या दारातच गळून पडतं. या दोन गणितांना जोडणारी जागा आठवड्याला आपल्या पायाखालून जाते आणि आपण मुलाला घरी आजीजवळ ठेवून जातो.

बोलण्याचंही तसंच. फिलाडेल्फियात काही संशोधकांनी सुपरमार्केटात अगदी साध्या पाट्या लावल्या. दुधाच्या कपाटाजवळ गाईचं चित्र आणि प्रश्न: गाईपासून आणखी काय काय मिळतं? २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या दुकानांत पाट्या असताना मोठी माणसं आणि मुलं यांच्यातलं बोलणं लक्षणीय वाढलं. ना शिक्षक, ना वर्ग, ना शिकवणी. आपल्याकडे तर पाटीचीही गरज नाही. डाळींच्या कप्प्यांपाशी उभं राहिलं की तूर, मूग, मसूर, मटकी, चवळी ओळखण्यात दहा मिनिटं जातात. ही मटकी मोड आल्यावर मिसळीत जाते, हा रवा जाड आणि हा बारीक, हा इंद्रायणी आणि हा कोलम, याचा भात चिकट होतो आणि त्याचा मोकळा. पाकिटावरचा हिरवा ठिपका कुठे आहे ते शोध, तारीख वाच, 'बेस्ट बिफोर' उलटून गेलं का ते सांग. मराठी शब्द मुलांच्या तोंडून गेले म्हणून हळहळणारे आपण, हे शब्द ज्या वस्तूंना चिकटलेले आहेत त्या वस्तूंपाशी मुलांना उभंच करत नाही.

या विचाराची मुळं शोधायला परदेशात जायची गरज नाही, ती आपल्याच जिल्ह्यात आहेत. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ही दोन्ही गावं तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातली. मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मुलांना दोष दिला नाही, त्यांच्या आईबापांना नावं ठेवली नाहीत. शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जिथे आहे, घरची माणसं जिथे काम करतात, तिथे शिकणं न्यायचं, हे त्यामागचं सूत्र. आजच्या ठाण्यातल्या पंचवीस मजली इमारतीतल्या मुलाला अंगण नाही आणि कुरण तर नाहीच. आईबाप ऑफिसात काय करतात ते त्याला दिसत नाही. घरासाठी मोठ्या माणसांनी केलेलं एखादं काम, ज्यात मुलालाही हात लावता येईल, असं उरलंय काय? स्वयंपाक आणि बाजार. बाजारही काढून घेतला तर निम्मं गेलं.

उपद्रवाचा मुद्दा मी हलक्यात घेत नाही. गुडघे दुखत असताना रांगेत उभ्या असलेल्या आजींच्या पोटरीवर ट्रॉली आदळली तर 'मुलंच ती' हे उत्तर होत नाही. ट्रॉली हे खेळणं नाही: अमेरिकेत ट्रॉलीशी संबंधित इजा झाल्याने वर्षाला सरासरी २४ हजार मुलं दवाखान्यात न्यावी लागल्याचं १९९० ते २०११ या काळाच्या नोंदींतून दिसलं, आणि त्यातली बहुतेक ट्रॉलीतून पडलेली. म्हणून मूल ट्रॉलीत नको, पायावर हवं, आणि ट्रॉली मोठ्यांच्या हातात. मूल रडायला लागलं तर त्याच्या हातात मोबाइल कोंबू नये. ट्रॉली बाजूला लावावी, मुलाला घेऊन बाहेर यावं, शांत झालं की परत जावं, नाही झालं तर घरी जावं. सामान उद्या भरता येतं. हे करायची ज्यांची तयारी नाही त्यांच्यावर राग काढणाऱ्यांच्या बाजूने मी आहे. पण त्यापुढे जाऊन 'मुलं आणूच नका' म्हणणाऱ्यांना मला विचारायचं आहे, मग मुलांनी चारचौघांत वागायला शिकायचं कुठे? लिफ्ट, शाळेची बस, वर्ग, क्लास, पुन्हा लिफ्ट. घोडबंदर रोडला धड पदपथ नाही, वर्षानुवर्षं मेट्रोचे पत्रे. तलावपाळीला जायचं तर अर्धा दिवस जातो. अनोळखी माणसांमध्ये रांग लावणं, वाट देणं, मावशींना 'हे कुठे मिळेल?' असं नीट विचारणं, हे ज्या मोजक्या जागी घडू शकतं त्यातली एक जागा ही आहे. आणि ज्यांनी मुलांना आवरण्यासाठी 'तो काका ओरडेल बघ' म्हणून दारावरच्या सुरक्षारक्षकाचा बागुलबुवा केला आहे, त्यांनी क्षणभर त्या माणसाच्या जागी उभं राहून पाहावं. दिवसभर उभ्याने नोकरी करणारा माणूस आपल्या मुलाने कसा ओळखावा, हेही आपण तिथे शिकवत असतो.

वेळेचा मुद्दा मात्र मला सगळ्यात जास्त बोचतो. संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलने ठाण्याला उतरून, रिक्षाच्या रांगेत उभं राहून घरी पोचणाऱ्या बाईला 'मुलाला घेऊन बाजारात जा आणि त्याच्याशी डाळींवर गप्पा मार' असं सांगणं क्रूरपणाचं आहे. दहा मिनिटांत दारात पिशवी आणून देणारं अ‍ॅप तिला वरदान वाटलं तर तिचं काय चुकलं? पण इथे एक गोष्ट आपण गृहीत धरतो आहोत: मुलाला न्यायचं म्हणजे आईने न्यायचं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर पाहणीप्रमाणे घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८. या दोन आकड्यांमधल्या फरकात आठवड्याची एक फेरी सहज बसते. रविवारी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, पोरांची पोटं भरलेली असताना, गर्दी व्हायच्या आत, बाबांनी मुलाला घेऊन जावं. आई घरी झोपू दे. महिन्याच्या पहिल्या शनिवार-रविवारी, पगार झाल्यावरच्या झुंबडीत, संध्याकाळी सात वाजता सगळ्या कुटुंबाने जायचं आणि मग मुलं चिडचिडी झाली म्हणायचं, यात मुलांचा दोष कुठे?

अ‍ॅपने वेळ वाचतो हे मान्य. पण मुलाला काय दिसतं? बेल वाजते, कुणीतरी धापा टाकत पिशवी देतो आणि वस्तू हजर. पैसे दिसत नाहीत. २०१६ पासून यूपीआय आल्यावर तर दुकानातसुद्धा पैसे दिसेनासे झाले आहेत. फोन पुढे केला की झालं. पैसे संपतात हे मुलाने कुठे पाहायचं? म्हणून मी म्हणते, मुलाच्या हातात शंभराची खरीखुरी नोट द्या आणि यादीतल्या तीन वस्तू त्यातून आणायला सांगा. कमी पडले तर काय मागे ठेवायचं हे त्यानेच ठरवावं. मध्यमवर्गीय घरांत मुलांपासून पैसा लपवायची एक विचित्र सवय आहे. हवं ते न देण्याचं कारण सांगताना आपण सर्रास खोटं बोलतो. 'ते शिळं असतं', 'ते मोठ्यांसाठी आहे', 'दुकानातलं संपलं', आणि मूल तर ते डोळ्यांसमोर पाहत असतं. या महिन्यात शाळेची फी भरली, म्हणून हे आत्ता परवडत नाही, असं सरळ सांगितलं तर सात वर्षांचं मूल मोडून पडत नाही. ज्यांना दर महिन्याला खरंच ओढाताण करून सामान भरावं लागतं त्यांच्यासाठी हे वाक्य किती जड असतं, याची मला जाणीव आहे. पण त्या घरांतल्या मुलांना ओढाताण माहीत असतेच. न सांगितल्याने ती टळत नाही, फक्त तिच्याबद्दल बोलता येत नाही.

आणि शेवटी तो बिलाचा काउंटर, जिथे बहुतेक रडारड होते. तासाभराची खरेदी सांभाळून नेलेलं मूल रांगेत पंधरा मिनिटं उभं असतं आणि त्याच्या नाकासमोर, हात पोचेल अशा उंचीवर, चॉकलेटं, गोळ्या, खेळणं घातलेली प्लास्टिकची अंडी लटकलेली असतात. इथे घडणाऱ्या हट्टाला आईबापांचे संस्कार जबाबदार धरायचे? भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली नियम केला की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबी असलेले पदार्थ विकायचे नाहीत. म्हणजे या वस्तू मुलाच्या वाटेत मांडणं योग्य नाही, हे तत्त्व आपण कायद्यात मान्य केलं आहे. मग तेच मूल शाळेतून निघून आईचा हात धरून रांगेत उभं राहिलं की ते तत्त्व कुठे जातं? इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांना असे पदार्थ बिलाच्या काउंटरजवळ, दारापाशी आणि फळ्यांच्या रांगांच्या टोकाला मांडता येत नाहीत. त्याआधीच २०१४ साली तिथल्या टेस्को आणि लिडलने काउंटरवरची गोळ्या-चॉकलेटं आपण होऊन हलवायचं ठरवलं होतं. धंदा बुडाला नाही. आपल्याकडे सगळे काउंटर बदलायला वेळ लागेल, पण प्रत्येक दुकानात निदान दोन रांगा अशा असाव्यात जिथे मुलाच्या उंचीवर काहीही टांगलेलं नाही, आणि वर तशी स्पष्ट पाटी असावी. हे मागायला कायदा लागत नाही. दुकानाच्या व्यवस्थापकाला लेखी द्यावं लागतं, एकट्याने नाही, वीस-पंचवीस कुटुंबांनी मिळून, आणि दाद लागली नाही तर तीच सह्यांची प्रत अन्न व औषध प्रशासनाच्या ठाण्याच्या कार्यालयात आणि प्राधिकरणाकडे पाठवावी लागते. मुलं आणणाऱ्यांनी आणि मुलांना कंटाळलेल्यांनी, दोघांनीही त्या पत्रावर सही करायला काय हरकत आहे? त्या रांगा शांत झाल्या तर फायदा दोघांचाही आहे.